आधी टॉर्च नापास झाला पाहिजे

७ मे. हातातलं काम : काळ्या चिकटपट्ट्या बदलणे.

मे महिन्यात नागपुरात चिकटपट्टी टिकत नाही. सुट्टीच्या दिवशी एसी बंद राहतो, गोंद पातळ होतो, पट्टीचा एक कोपरा सुटतो आणि खालचा हिरवा दिवा डोकावायला लागतो. यंत्र चालू आहे एवढंच सांगायला कंपन्या हे दिवे बसवतात. यंत्र चालू आहे हे मला माहीत असतं. मला तो दिवा नको असतो. म्हणून दर उन्हाळ्यात मी आणि मंगला मेश्राम पट्टीची गुंडाळी घेऊन टेबलाखाली शिरतो आणि एकेक दिवा पुन्हा झाकतो. मंगला या खोलीची तंत्रज्ञ. आम्ही एकाच वयाच्या, आणि आता चष्म्याचा नंबरही जवळपास सारखा झाला आहे. त्या दिवशी एसीच्या दिव्यावर मी एक पट्टी लावली, तिच्यावर दुसरी लावली आणि तिसरी फाडायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "तुले त सूर्याचाही संशय येईल वं."

सूर्याचा येतोच. दाराखालच्या फटीतून तोच आत शिरतो.

आमची खोली एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आहे. खिडकी नाही, भिंती काळ्या. प्रकाश हा कणाकणांनी बनलेला असतो, आणि त्यातला एकेक कण सुटा करून देणाऱ्या पेट्या हल्ली काही लोक बनवतात. प्रकाशावर चालणारा क्वांटम संगणक अशा सुट्या कणांवर गणित करतो. त्याला एका वेळी एकच कण लागतो. दोन आले की गणित चुकतं, आणि चुकलं हे कळतही नाही. पेटी बनवणारे सांगतात की आमची पेटी एका वेळी एकच कण देते. देते की नाही, हे तपासणं माझं काम. थोडक्यात, सांगितलेलं खरं न मानण्याचा मला पगार मिळतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. पेटीतला प्रकाश एका अर्धवट आरशावर सोडायचा. हा आरसा निम्मा प्रकाश आरपार जाऊ देतो आणि निम्मा बाजूला वळवतो. दोन्ही वाटांच्या टोकाला एकेक टिपणी यंत्र असतं. कण आला की ते टिक करतं. कण एकच असेल तर तो इकडे जाईल किंवा तिकडे. एकच माणूस एकाच वेळी सक्करदऱ्यालाही उतरला आणि मौद्यालाही उतरला, असं होत नाही. दोन्हीकडे एकाच क्षणी टिक झालं, तर समजायचं की माणसं दोन होती.

मंद दिवा लावला की कण सुटे होतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाहीत. मंद दिवा म्हणजे कडुलिंबाचं झाड. निंबोळ्या कमी पडत असल्या तरी कधी बराच वेळ पडत नाहीत, कधी दोन एकदम पडतात. चांगली पेटी पाणीपुरीवाल्यासारखी असते. कितीही घाई करा, तो एका वेळी एकच पुरी देतो.

निंबोळ्यांना पाणीपुरी म्हणून विकणारे मी पुष्कळ पाहिले. एका कॉलेजातून सुंदर चंदेरी डबा आला होता, वर मखमलीची पिशवी. आत बाजारात मिळणारा लाल लेझर, त्याच्यापुढे गॉगलच्या काचा एकापुढे एक लावलेल्या. एक गृहस्थ गळ्यातलं पदक घेऊन आले. ते कण बाहेर टाकतं का तपासा म्हणाले. तपासलं. टाकत नव्हतं. अजून सूक्ष्म असतील, ते म्हणाले, आणि माझ्याकडे दयेने पाहत निघून गेले. अशा लोकांवर रागावून उपयोग नसतो. पण अशी माणसं रोज पाहिली की सवय लागते. पेटी टेबलावर यायच्या आधीच मी ती आणणाऱ्याकडे बघायला लागते.

त्या दिवशी निखिल ठवकर आला तेव्हाही तसंच झालं.

तो मूळचा मौद्याकडचा. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरची जागा भाड्याने घेऊन त्याने आणि एका मित्राने पेटी बनवली होती. आत एक बारीक स्फटिक, स्फटिकाच्या रचनेत एक सूक्ष्म खोट, आणि त्या खोटीतून एका वेळी एकच कण बाहेर पडतो, असा त्याचा दावा. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेला त्यांच्या संगणकासाठी अशा पेट्या हव्या होत्या. त्यांनी दोनच पेट्या निवडीत ठेवल्या होत्या : एक निखिलची, दुसरी आमच्याच संस्थेतल्या वझलवार सरांची. दोन्हींचा अहवाल आमच्या खोलीतून जायचा होता. सरांचा मार्चमध्येच गेला होता. निखिलला ही मागणी मिळाली नाही, तर रामदासपेठेतली जागा सोडायची आणि मित्राने पुण्यात नोकरी धरायची, असं ठरलेलं होतं. हे त्याने मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. एवढ्या लवकर सांगितलं म्हणून मला संशय आला.

दुसरी गोष्ट, त्याने पेटीला चारही बाजूंनी सील लावलेलं होतं. आत बघू द्या म्हटलं तर पेटंटचं काम चालू आहे म्हणाला. तिसरी गोष्ट, तो पेटीपाशीच उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

जोडणी झाली, मोजणी सुरू झाली. दोन टिकांमध्ये किती वेळ गेला, याचा आलेख पडद्यावर हळूहळू भरत जातो. पेटी चांगली असेल तर आलेखाच्या मधोमध खड्डा पडतो, कारण दोन्हीकडे एकदम टिक होत नाही. जितका खोल खड्डा, तितकी चांगली पेटी. निखिलच्या पेटीचा खड्डा तळापर्यंत गेला. तळाला शून्य. एकही जोडी नाही.

निखिल बाहेर गेला आणि त्याने दक्षिणेतल्या प्रयोगशाळेला लावलेला फोन दारामागून ऐकू आला. "झिरो आला सर. हो हो, पूर्ण झिरो."

मी पडद्याकडे बघत राहिले. शून्य कधीच येत नाही. टिपणी यंत्रं अंधारातसुद्धा अधूनमधून उगाच टिक करतात. उन्हाळ्यात जास्तच. त्यातल्या एखाद्या तरी टिकची चुकून जोडी जमतेच. प्रामाणिक पेटीच्या खड्ड्यातही थोडा गाळ असतो. शिवाय खड्ड्याच्या कडा उताराच्या हव्यात. या कडा फावड्याने कापल्यासारख्या सरळ होत्या.

मी त्याला आत बोलावलं आणि पेटी उघडायला सांगितलं. आत काही युक्ती करून प्रकाश आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे पाठवला, तर जोडी कधीच जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी ते तसंच बोलूनही दाखवलं. तोवर तो आमच्याशी छापील मराठीत बोलत होता. आता ती सुटली.

"मॅडम, निकाल खराब आला असता त तुम्ही म्हटलं असतं पेटी खराब हाय. चांगला आला त म्हणता मी चोर हाय. मंग मी करू काय?"

"पेटी उघडा."

"नाही उघडत. तुम्ही काहून असं पाहून राहिल्या माह्याकडे?"

मंगला मधे पडली नाही. ती टेबलाखाली उरलेल्या पट्ट्या लावत होती आणि तिच्या तोंडात टॉर्च होता. दोन्ही हात मोकळे हवे असले की ती तो दातात धरते. तिच्याकडे पाहूनच मला सुचलं. पेटी प्रामाणिक आहे की नाही, हे विचारण्याआधी एखाद्या नक्की अप्रामाणिक वस्तूला विचारून पाहावं. टॉर्च म्हणजे शुद्ध निंबोळी. त्याचा आलेख सपाट यायला हवा, टेबलासारखा.

निखिलची पेटी काढली. टॉर्चच्या काचेवर कागदाच्या घड्या आणि काळ्या फिती लावून तो मंद केला, प्रकाश बारीक काचतंतूत घातला आणि तोच आरसा, तीच दोन यंत्रं, तीच मोजणी. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे राहिलो.

मधोमध खड्डा पडला. तळाला शून्य. कडा फावड्याने कापलेल्या.

मंगलाने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हा त पास झाला. याले आता प्रमाणपत्र देऊन टाक, मी पेढे आणतो."

निखिल मोठ्याने हसला. सुटल्याचं हसू होतं ते. मग हसता हसता थांबला. टॉर्च पास होतो याचा अर्थ त्याच्याही शून्याला काही अर्थ नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ते शून्य तर तो दक्षिणेला सांगून बसला होता.

माझा संशय पेटीवरून उठला आणि आमच्या मोजणी यंत्रावर जाऊन बसला. हे यंत्र दोन्हीकडच्या टिकांची वेळ नोंदवतं. हिवाळ्यात त्याच्याबद्दल मीच तक्रार केली होती. टिपणी यंत्र टिक करताना स्वतःही किंचित चमकतं. ती चमक उलट वाटेने जाऊन दुसऱ्या यंत्राला फसवते आणि खोटी जोडी नोंदली जाते. त्यावर काही उपाय करा, असं मी कंपनीला कळवलं होतं. मार्चमध्ये त्यांचा इंजिनीअर येऊन गेला. मी तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. परत आले तेव्हा खोट्या जोड्या गेल्या होत्या आणि सरांची पेटी तळाला शून्य घेऊन उत्तम गुणांनी पास झाली होती. अहवालावर सही सरांचीच होती, विभागप्रमुख म्हणून. एवढं कसं चांगलं आलं, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, आमची पेटी चांगली आहे म्हणून. पास झाल्याचा पेढा माझ्या हातात होता. तो मी खाल्ला, पण मला फार गोड लागला नव्हता.

इंजिनीअरला फोन लावला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. यंत्रात एक गाळणी असते, ती त्याने चालू केली होती. अगदी जवळजवळ येणाऱ्या दोन टिकांची ती नोंदच करत नाही. म्हणजे खोट्या जोड्या जातात. खऱ्याही जातात. मी विचारलं, हे कोणाला विचारून केलं? तो म्हणाला, "मॅडम, सर ने बोला था. ग्राफ साफ चाहिए."

साक्षीदार खोटं बोलतो अशी मी तक्रार केली होती. त्यांनी त्याचं तोंडच बांधून ठेवलं.

गाळणी बंद केली. टॉर्च पुन्हा लावला. आलेख सपाट आला, दोन बाजूंना दोन छोटे उंचवटे. ते त्या चमकेचे. त्यांची जागा ठरलेली असते, मी त्यांना चेहऱ्यावरून ओळखते आणि त्यांचा हिशेब वेगळा काढता येतो. मग निखिलची पेटी लावली. यावेळी वेळ लागला. खड्डा हळूहळू उतरला, गोलसर कडांचा, तळाशी थोडा गाळ असलेला. एका वेळी एकच कण आहे असं म्हणायला खड्डा निम्म्यापेक्षा खोल हवा असतो. हा बराच खोल होता. सकाळपासून पहिल्यांदा मला त्या मुलाच्या कामाबद्दल बरं वाटलं. चांगली पेटी आहे, असं मी त्याला सांगितलं.

त्याचा चेहरा उतरलेलाच होता. मंगलाने त्याला पाणी दिलं. ते संपवून तो जे म्हणाला, ते मला अजून आठवतं.

"मॅडम, तिकडूनच कळलं मले, सरांच्या पेटीले शून्य लिहिलं ना तुम्ही लोकांनी? मंग माह्या पेटीलेही शून्यच लिहा. दोघायलेही सारखं."

मी म्हटलं, ते खोटं होईल.

"सरांचं खरं हाय काय?"

दोघांनाही खोटं शून्य दिलं, तर दोघांत न्याय होतो आणि पेट्या घेणारा फसतो. निखिलला खरा आकडा दिला आणि सरांचं शून्य तसंच राहू दिलं, तर माझा अहवाल अक्षरनअक्षर खरा, आणि निखिल त्याच खरेपणामुळे बुडणार. अशा वेळी माणसं नियमाच्या आड उभी राहतात. समोर आलेली पेटी तपासायची, गेलेली नाही, असा नियम आमच्याकडेही काढता आला असता.

मी वर सरांकडे गेले.

वझलवार सर रागावणारे नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग म्हणाले, "शोभाताई, तक्रार तुमचीच होती ना? खोट्या जोड्या नकोत म्हणून."

"खोट्या नको होत्या सर. खऱ्या हव्या होत्या."

"ते इंजिनीअरला कळायला हवं होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, मॅडमचा त्रास मिटवा." इंजिनीअरने सांगितलेलं वाक्य वेगळं होतं. दोघांपैकी कोणाचं खरं, ते मला आजही ठाऊक नाही. सर पुढे म्हणाले की त्यांची पेटी आता पॅक होऊन माझ्याच कपाटात आहे, सोमवारी रवाना होईल, तिकडचे लोक वाट पाहताहेत. पास झालेलं पुन्हा कशाला उघडायचं?

मी विचारलं, "मग ठवकरलाही शून्य लिहू का?"

सरांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "त्याचं तुम्ही बघा," ते म्हणाले.

हो म्हणाले असते तर मला त्यांचा राग आला असता. नाही म्हणाले असते तर आदर वाटला असता. "तुम्ही बघा" म्हटल्यावर फक्त एक गोष्ट कळली : टॉर्च पास होतो, या बातमीचं त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं नव्हतं. किंवा त्यांनी ते दाखवलं नाही. चहा मी घेतला नाही.

खाली आले तेव्हा निखिल पेटीपाशी नव्हता. बाहेर, जिन्याखाली, फोन हातात घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, शून्य मी लिहिणार नाही, तुम्हाला नाही आणि कोणालाच नाही. तुम्ही तिकडे सांगितलेलं शून्य तुम्हीच परत घ्या, माझा अहवाल पोचायच्या आधी. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. सकाळचा आकडा चुकीचा होता, मोजणी यंत्रात गडबड होती, खरा आकडा असा आहे, असं त्याने सांगितलं. समोरचा माणूस काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. निखिल नुसता "हो सर, हो सर" करत होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दुसऱ्याचा आकडा त शून्य हाय. बघू म्हणाले." त्याने फोन खिशात टाकला. "सकाळी माह्यावर संशय घेतला, दुपारी मशीनवर घेतला, आता सरांवर घेऊन राहिल्या. तुमचा विश्वास हाय कोणावर, मॅडम?"

मी म्हटलं, "टॉर्चवर. तो नापास होतो हे मला नक्की ठाऊक आहे."

तो हसला नाही. पण जाताना पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, ही इथंच ठेवतो, उद्या येतो. सकाळी हाच मुलगा तिच्यापासून हातभर हलत नव्हता. मी म्हटलं, विश्वासाने ठेवू नका, पावती घ्या. मंगलाने पावती केली.

घरी जेवताना नवऱ्याने टीव्हीच्या डब्याचा दिवा दाखवत विचारलं, पट्टी सुटली आहे, लावतेस का. आमच्या घरातही दिवे झाकलेले असतात. मी म्हटलं, आज राहू दे. माझ्या डोक्यात एकच होतं. सरांची पेटी मी गुपचूप उघडून तपासली, आणि निकाल वाईट आला, तर सर म्हणतील शोभाताईंनी काहीतरी केलं. म्हणायला जागाही आहे. खोली माझी, किल्ली माझी, अंधार माझा. दिवसभर सगळ्यांवर घेतला तो संशय माझ्यावरही कुणीतरी घ्यायलाच हवा होता. आणि सरांना न सांगता तपासणं म्हणजे जवळजवळ तेच, जे माझ्या रजेत माझ्या यंत्राचं झालं.

८ मे. सकाळी लवकर गेले. गाळणी बंद आहे ना, ते पाहिलं. मंगलाकडून टॉर्च घेतला, कालच्याच फितींसकट लावला आणि आलेख भरू दिला. सपाट. टॉर्च नापास. तेव्हापासून आमच्या खोलीत दिवसाची सुरुवात अशीच होते. आधी टॉर्च नापास झाला पाहिजे, मग बाकीचे.

मग कपाटातून सरांची पेटी काढली. पॅकिंग फाडलं नाही, तशीच टेबलावर ठेवली. शेजारी निखिलची. दोघांनाही फोन केला की पेट्या लावते आहे, या, तुमच्या देखत लावायच्या आहेत. निखिल येऊन दाराशी उभा राहिला. सर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले, जिना हळू उतरत. त्यांनी स्वतःच्या हाताने पॅकिंग सोडलं आणि निखिलकडे बघून मान हलवली. निखिलने नमस्कार केला.

मंगलाने दोघांचे मोबाईल घेऊन बाहेरच्या खणात ठेवले.

"सर, घड्याळही," मी म्हटलं. त्यांच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात.

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळ काढून मंगलाच्या हातात दिलं. मी दार लावलं, दाराखालची फट जाड काळ्या कापडाने बंद केली आणि दिवा मालवला.